यांचं दुकान

कॅनडातल्या त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून मी त्याला वरचं गाव म्हणते. आठ हजार वस्ती, लाकडाच्या गिरण्या, एक खाण, आणि भिंतीवरच्या नकाशात इतकं वर की बोट ठेवायला खुर्चीवर चढावं लागतं. तिथे जाऊन धंदा सुरू केला, दोन वर्षं नीट चालवून दाखवला, तर कायमचं राहू देतात, असं आमच्या एजंटने सांगितलं. पण त्याआधी गावाच्या ऑफिसातली बाई व्हिडिओ कॉलवर बोलणार, तिला पटलं तर ती पसंतीचं पत्र देणार. पत्र मिळालं तर पुढचं सगळं. नाही तर मफी, म्हणजे काहीच नाही.

बहारीनमध्ये आम्हाला एकोणीस वर्षं झाली आणि खरं सांगते, मी थकले आहे. उन्हाने नाही, कामानेही नाही. व्हिसाच्या तारखेकडे डोळे लावून जगण्याने थकले. इथे काम आहे तोवर राहायचं, हात चालेनासे झाले की सामान बांधायचं. कुडाळला जाऊन करायचं काय? यांच्या भावांनी घर वाटून घेतलंय. आमच्यासाठी एक खोली ठेवलीय, तीही नारळांनी भरलेली. आमची सावनी बारावीला आहे, तिला कुडाळ म्हणजे मे महिन्यातली शिक्षा वाटते. म्हणून वरचं गाव. थंडीची भीती मला घालू नका. थंडीत माणसं कपडे तरी जास्त घालतात, आणि आमचं पोट कपड्यांवर आहे.

आमचं दुकान इथल्या नईम भागात, 'दत्ता टेलरिंग'. शाळांचे युनिफॉर्म शिवतो, पण मुख्य काम हिद्दच्या कारखाना भागातल्या वर्कशॉपवाल्यांचं. त्यांचे ते मानेपासून घोट्यापर्यंतचे जाड कव्हरऑल शिवायचे, फाटले की सांधायचे, चेनी बसवायच्या. कापड मी निवडते, मापं मी घेते, कटिंग माझं, आणि मशीनवर बसणाऱ्या वकारला ओरडणंही माझंच. बोर्डावरचं नाव मात्र आमच्या यांचं. दत्ताराम.

हे पूर्वी हिद्दला क्रेनवर होते. अकरा वर्षांपूर्वी मणक्याने दगा दिला आणि कंपनीने खलास म्हटलं. मी तेव्हा पुलापलीकडे बुसैतीनच्या घरात बसून शेजारच्या मुलींचे फ्रॉक शिवायची, त्यातूनच दुकान काढलं. कागद करताना फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंगवाल्याने विचारलं, मालक कोण? मीच म्हटलं, हे. एक तर घरातल्या सगळ्यांचा व्हिसा यांच्यावर उभा. आणि दुसरं म्हणजे, दत्ताराम बायकोच्या जिवावर जेवतो असं कुडाळात कुणी म्हणायला नको होतं. मग ती सवयच लागली. गिऱ्हाईकाने भाव कमी करायला सांगितलं की मी म्हणायची, "साहेबांना विचारून सांगते." आत जायची, पाणी प्यायची आणि बाहेर येऊन नाही म्हणायची. साहेब तेव्हा कुठेतरी पार्किंग शोधत असायचे. आमच्यातल्या कितीतरी बायका अशाच दुकानं चालवतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

अर्जासाठी चाळीस पानी प्लॅन लागला. मी मराठीत सांगितलं, सावनीने इंग्रजीत लिहिलं. मध्येच ती थांबली.

"मम्मा, धिस इज ऑल यू. पप्पा डझन्ट इव्हन नो धिस."

"अर्जदार ते आहेत. लिही."

"व्हॉटेव्हर," म्हणाली आणि लिहिलं. खाली सही यांची. यांनी ती चाळीस पानं महिनाभर पाठ केली, आंघोळ करतानासुद्धा पुटपुटत होते.

कॉल दुपारी चारचा, तिकडे सकाळचे नऊ. बाईला दुकान बघायचं होतं म्हणून लॅपटॉप कटिंगच्या टेबलावर ठेवला. यांना टाय बांधला. वकारला चहाला पाठवलं. सावनी यांच्या शेजारी बसली आणि मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी इस्त्रीपाशी उभी राहिले.

बाई करड्या केसांची, जाड स्वेटर घातलेली, हातात कॉफीचा भला मोठा मग. चेहरा चांगला होता. हे घडाघडा बोलले. गावात खाण आहे, गिरण्या आहेत, कामाचे कपडे दुरुस्त करणारं कुणी नाही, सगळं पाठ. बाई मान डोलवत होती. मला वाटलं, जमलं. मग तिने खुर्चीच्या पाठीवरचा आपला जाडजूड कोट उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. चेन वर ओढली की मागून उघडत होती. हसत हसत तिने विचारलं, तुम्ही याचं काय कराल?

हे प्लॅनमध्ये नव्हतं. यांनी घसा साफ केला. "मॅडम, फुल चेन चेंज. टू डेज."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, अख्खी चेन कित्याक? रनर झिजलोहा. रनर बदला, धा मिन्टांचा काम!"

बाईने उचललेला कॉफीचा मग हवेतच थांबला. कोण बोललं, तिने विचारलं.

"माय वाइफ," हे म्हणाले. "ओन्ली हाऊसवाइफ."

खोटं नव्हतं ते. माझ्या सगळ्या कागदांवर तेच लिहिलंय.

बाईने मला पुढे बोलावलं, नाव विचारलं. इंग्रजी कमी पडलं की हिंदी, हिंदी कमी पडली की सावनी, असं करत मी तिच्याशी वीस मिनिटं बोलले. नवा रनर बसवायच्या आधी चेनीचे दात कसे तपासायचे ते सांगितलं. आगीजवळ काम करणाऱ्याच्या कपड्याला साधा दोरा चालत नाही, तो वितळतो आणि शिवण उसवते, म्हणून दोरा वेगळा लागतो, तेही सांगितलं. माणूस वाकला की कव्हरऑल पाठीत ताणतो, तिथे मी किती कापड सोडते ते अंगावर धरून दाखवलं. बाई म्हणाली, आमच्याकडे माणसं चार तास गाडी चालवून जातात या कामासाठी, नाही तर चांगले कोट फेकून देतात. ती विचारत होती आणि मी सांगत होते. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं विचारलंच नव्हतं. मला फार आनंद झाला, अगदी लाज वाटावी इतका.

शेवटी तिने कॉफीचा मग खाली ठेवला. "हेमा, हा धंदा कोण चालवतं?"

एवढं इंग्रजी मला कळतं. यांच्याकडे पाहिलं तर यांनी नको म्हणून मान किंचित हलवली, बाईला दिसणार नाही इतकीच. काय म्हणायचं ते मला माहीत होतं. हजारदा म्हटलं होतं.

"मी," मी म्हटलं. "आय रन. इलेव्हन इयर्स."

बाईने काहीतरी लिहून घेतलं. मग सावकाश बोलली, सावनीने तितक्याच सावकाश मला सांगितलं. अर्जदार असा हवा की ज्याने स्वतःच्या मालकीचा धंदा स्वतः चालवलाय. तुमच्या नवऱ्याकडे मालकी आहे, चालवणं नाही. तुमच्याकडे चालवणं आहे, मालकी नाही. आता हे कळल्यावर मला पत्र देता येणार नाही. तुम्ही स्वतः अर्ज करा, मला आवडेल. पण त्याआधी तीन वर्षं धंदा तुमच्या नावावर असायला हवा. तिने दोनदा सॉरी म्हटलं. मनापासून म्हटलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

घरी जाताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. सावनी मागे बसून रडत होती. तीन वर्षांनी ती एकवीस पूर्ण करील, आणि बावीसच्या पुढची मुलं तिकडे आईबापांबरोबर धरत नाहीत. मग अर्ज, मग वाट बघणं. तोवर ती आमची मुलगी म्हणून बरोबर येऊ शकेल की नाही, हे एजंटलाही सांगता येईना. चार-पाच शब्दांत मी पोरीचं सगळं घालवलं, असं माझ्या मनात येत होतं. यांचाही राग येत होता, त्या मानेचा.

"'आमचे हे चालवतत' इतक्याच म्हणाक होया होता," हे समोर बघत म्हणाले.

"अकरा वर्सां ताच म्हणत इलंय," मी म्हटलं.

पूल संपला. मग हे म्हणाले, "माका ठावक आसा." दुकानात आणि घरात आम्ही तीन आठवडे कामापुरतंच बोललो.

शेवटी यांनीच विषय काढला. दुकान तुझ्या नावावर करू म्हणाले. मला खरं तर कंटाळा आला होता. पुन्हा ते फॉर्म, त्या रांगा, आणि तीन वर्षांनी माझं वय सत्तेचाळीस. पण यांच्याबरोबर नोंदणीच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, आमच्याशी हिंदीत बोलायची. नाव, पत्ता, धंदा, सगळं भराभर टाइप करत होती.

"मॅडम, इस काम में एक्सपीरियन्स कितना?"

हे सवयीने पुढे वाकले, आणि तोंड मिटून मागे सरकले. मी म्हटलं, "ग्यारह साल."

"कोई लेटर? सर्टिफिकेट?"

"मैं लिखके देता है," हे म्हणाले. "मालिक मैं था. सब काम ये करती थी. मैं कुछ नहीं करता था, लिखो." एवढ्या मोठ्याने म्हणाले की रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

मुलीने यांच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. "आप इनके हस्बंड हैं ना? हस्बंड का लेटर नहीं चलेगा."

हे मणका धरून बाजूच्या खुर्चीवर बसले. मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली, बघून घ्या म्हणाली. मी बघितलं. हेमा दत्ताराम परब. मालक. अनुभव शून्य वर्षं. स्पेलिंग बरोबर होतं. जिथे दाखवलं तिथे सही केली.

"मबरूक, मॅडम," मुलीने हसून अभिनंदन केलं. "फर्स्ट बिझनेस?"

मागे रांग होती. मी हो म्हटलं.