टाकीतल्या पाण्याची चव

आचाऱ्याच्या हातात मापाचा चमचा देणं म्हणजे त्याचा पाणउतारा, असं निदान या आचाऱ्याचं तरी ठाम मत होतं. कारखान्याच्या कँटीनमध्ये अठ्ठावीस वर्षं त्यानं चारशे माणसांचं जेवण मुठीनं मीठ घालून रांधलं होतं. ताटावर बसून कुणी मीठ मागितलंय, असं एकदाही झालं नव्हतं. म्हणून माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानदारानं मिठाच्या पुडीबरोबर चमचाही पुढे सरकवला, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“हे निव्वळ मीठ आहे,” दुकानदार म्हणाला. “स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन असतं, ते मोकळं राहावं म्हणून आणखी काहीबाही घातलेलं असतं. ते नको. समुद्री माशांचं मीठही नको. वीस लिटरला एक सपाट चमचा. मगात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घाला. झाडं आणि गोगलगाय आधी बाहेर काढा, त्यांना सोसत नाही. आणि कमी झालेलं पाणी साध्या पाण्यानंच भरा. पाणी उडतं, मीठ उडत नाही.”

बायकोनं हे सगळं लिहून घेतलं. ती दवाखान्यात औषधं द्यायची. अर्धी गोळी म्हणजे अर्धीच, हा तिचा खाक्या. आचारी नुसता मान हलवत होता.

आजारी होता तो शेठ. ढेरपोट्या गोल्डफिश, लेकीचा लाडका. नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाताना लेक म्हणाली होती, “बाबा, आईवर नाही, तुझ्यावर सोपवतेय याला.” हे वाक्य आचाऱ्यानं कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकवलं होतं, की भांडी घासणाऱ्यांनाही ते पाठ झालं होतं. आता शेठच्या अंगावर पांढरे ठिपके उठले होते, आणि लेक या महिन्याअखेर येणार होती. त्याला काही झालं तर तिला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं आचाऱ्याचं खाण्यावरून मन उडालं होतं.

फोनवर मात्र तो ताकास तूर लागू देत नव्हता. “शेठ मजेत आहे. तू जेवतेस ना नीट?”

“कुठलं जेवतेय! इथलं सगळंच बेचव. बाबा, तुझ्या बटाट्याच्या भाजीत मीठ किती असतं, सांग ना. मी तीनदा केली, तीनदा फसली.”

“अंदाजानं घालायचं गं,” आचारी म्हणाला. तो नेहमी हेच सांगायचा.

चाळीस लिटरच्या टाकीत दोन सपाट चमचे मीठ दोन दिवसांत गेलं. तिसऱ्या दिवशी पाणी बोटभर खाली गेलेलं दिसलं. आचाऱ्यानं साधं पाणी ओतलं. इथवर सगळं ठीक होतं. पण पातेल्यात पाणी वाढवलं की चव बघायची, ही अठ्ठावीस वर्षांची सवय. बोट आपोआप टाकीत गेलं आणि तिथून जिभेवर.

अळणी! आजाऱ्याला असं देतं का कुणी?

त्यानं स्वयंपाकघरातल्या बरणीतून चिमूटभर मीठ आणून टाकलं. आता चारशे पानांच्या आचाऱ्याची चिमूट ती, साध्या माणसाची मूठच म्हणा ना. पुढचे चार दिवस हेच चाललं. पाणी घालायचं, चाखायचं, तोंड वाकडं करायचं आणि बरणीकडे जायचं. पाणी गढुळलं, तेव्हा ‘मुरतंय’ असं त्यानं स्वतःला समजावलं.

आठव्या दिवशी शेठ तळाशी कोपऱ्यात कलंडून पडला. काय कमी पडलं, ते बघायला आचाऱ्यानं पुन्हा बोट बुडवून तोंडात घातलं, आणि नेमकी बायको दारात उभी.

“अहो, काय चाखताय?”

आचाऱ्याला बोट बाहेर काढायचंही सुचलं नाही.

“त्या पाण्यात तो राहतो, खातो आणि बाकीचंही सगळं तिथंच उरकतो!” तिनं बरणी पाहिली, पाणी पाहिलं, आणि तिचा आवाज उतरला. “किती घातलंत?”

“अंदाजानं.”

“त्याला काय तुमच्या खाल्ल्या मिठाला जागायचं होतं?” एवढं म्हणून तिनं पदर खोचला.

सगळं पाणी एकदम बदललं तर त्याचाही धक्का बसायचा. म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी पावपाव टाकी बदलत, सकाळ-संध्याकाळ घालायचं ठरलं. मग मात्र आचारी बदलला. मापाच्या मगात पाणी भरलं की तो डोळ्यांसमोर धरून रेघ बघायचा. बायको म्हणायची, “जरा चाखून तरी बघा!” तो ऐकून घ्यायचा. तीन दिवस तो कँटीनमधून थेट घरी आला आणि टाकीपाशी स्टूल टाकून बसला. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी शेठ वर आला आणि दाणा गिळून, ‘एवढंच?’ अशा नजरेनं बघत राहिला. आचाऱ्यानं डोळे पुसले.

मग त्यानं स्वतःहून फोन लावला आणि चाखण्यासकट सगळं सांगून टाकलं. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

“बाबा, शेठलाही अंदाजानंच वाढलंस!” ती म्हणाली आणि थांबली. “माझीही भाजी अंदाजानंच बिघडते रे. तुझा हात तिकडे, मी इकडे.”

आचाऱ्याला हे लागलं. “थांब, फोन ठेवू नकोस,” तो म्हणाला.

शेगडीवर बटाट्याची भाजी होतीच. त्यानं नेहमीसारखी बरणीत बोटं घातली, चिमूट उचलली, पातेल्यावर नेली आणि तिथंच थांबवली. मग बायकोकडून दुकानदाराचा तो चमचा मागून घेतला, चिमूट त्यात सोडली, सुरीच्या पात्यानं वरून सपाट केली आणि चष्मा लावून नीट पाहिलं.

“चार बटाट्यांना अर्धा चमचा,” तो फोनमध्ये म्हणाला. “सपाट. घेतलंस लिहून?”