माळेच्या गाठी

माझ्या सासूबाई, कौशल्याबाई, काविळीची माळ घालायच्या. सिरसाळ्यात कुणाचे डोळे पिवळे झाले की आमचं दार ठरलेलं. घेटुळीच्या मुळ्यांची इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची. ती लांबत लांबत गळ्यात आणि मग बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. मुळ्या वाळल्या की गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते, हे मला गुंफता गुंफता केव्हाच कळलं होतं. बोलले नाही. बहुतेकांची कावीळ आपली आपण बरी व्हायची आणि नाव माळेचं व्हायचं.

मागच्या साली माझ्या तानाजीला कावीळ झाली. माळ गळ्यापर्यंत आली तेव्हा पोरगं आम्हाला ओळखेना. अंबाजोगाईला नेलं, पण फार उशीर झाला होता. सात वर्षांचा होता माझा तानाजी.

तेव्हापासून मी सासूबाईंशी कामापुरतंच बोलायचे. म्हणून त्या आपणहून म्हणाल्या, "कावेरीला परळीला नेऊ. काविळीची लस निघालीय म्हणं," तेव्हा मी बघतच राहिले. लस नवीन होती, सरकारी दवाखान्यात मिळायची नाही. परळीच्या डॉक्टरांनी माझ्या पोरीला सुई टोचली, दुसरी सहा महिन्यांनी घ्या म्हणाले. परतताना जीपमध्ये सासूबाई कानाशी लागल्या, "गावात कुणाला बोलू नगंस."

घरी आलो तर शेजारची वत्सला दारात बसलेली. मांडीवर तिचं पिवळंजर्द पोर, सकाळपासून ओकून ओकून गळून गेलेलं. सासूबाईंनी हातपाय धुतले आणि दोरा, मुळ्या घेऊन बसल्या. जशा काही परळीला गेल्याच नव्हत्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कावेरीला पुढं ओढलं आणि तिच्या झग्याची बाही वर केली. दंडावर अजून कापूस चिकटलेला होता.

"बघ वत्सला. आत्याबाईंनी सोताच्या नातीला काविळीची सुई देऊन आणली. माळेवर इसंबल्या न्हाईत."

"खरं हाय का, मावशी?"

सासूबाईंचे हात थांबले. आता मला शिव्या घालणार असं वाटलं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "ऊठ. एसटीडी बूथपाशी जीप उभी हाय अजून. अंबाजोगाईला ने त्याला, लगीच."

वत्सला पोराला घेऊन धावत सुटली. सासूबाई अर्धवट माळेची एकेक गाठ सोडत बसल्या.

"शिवकन्ये, ह्या गाठी सैल व्हत्यात, तुला बी ठावं व्हतं ना?" त्यांनी खाली मानेनंच विचारलं. "मग तान्याच्या वक्ताला कावून गप बसलीस?"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि माळेचं दुसरं टोक धरून गाठी सोडायला लागले.