अर्धवट आवळलेले चाक

मी एक जुना पाना आहे. मोटारीच्या चाकांचे नट खोलणे आणि आवळणे एवढेच माझे काम. मला चार हात आहेत आणि प्रत्येक हाताच्या टोकाला वेगळ्या मापाचे तोंड आहे. चार तोंडे असूनही मला एक शब्द बोलता येत नाही, मित्रांनो, आणि माझे सारे दुःख तेच आहे.

माझा जन्म इपोहच्या एका लोखंडाच्या कारखान्यात झाला. लालभडक तापवून, ठोकून, तेलात बुडवून मला घडवले. इद्रुस नावाच्या बसड्रायव्हरने मला विकत घेतले आणि वीस वर्षे तेमेर्लोहच्या रस्त्यांवर फिरवले. इद्रुसचा हात शिस्तीचा होता. आधी समोरासमोरचे नट आवळायचे आणि चाक जमिनीवर टेकले की पुन्हा एक फेरी मारायची. त्याचे ओठ हलत, तो नट मोजत असे. मला तेव्हा गंमत वाटायची.

पुढे त्याचा मुलगा कमरूल शहरात नोकरीला लागला. त्याने एक जुनी गाडी घेतली, तेव्हा इद्रुसने मला जुन्या लुंगीत गुंडाळून त्याच्या हाती दिले. कमरूलही हुशार निघाला. ऑइल बदलणे, प्लग साफ करणे, बॅटरीला पाणी घालणे, सगळे तो इमारतीच्या खाली स्वतःच करी. शेजारपाजारचे म्हणत, "याच्यापुढे गॅरेजवाला पाणी भरेल!" कमरूल वरवर नाही नाही म्हणे, पण त्या दिवशी मला जरा जास्तच चकचकीत पुसून ठेवी. मलाही ते आवडे, खोटे कशाला बोलू?

ती गोष्ट रमजानच्या शेवटच्या आठवड्यातली. ईदला सगळे शहर गावाकडे निघते. इद्रुसच्या घरी जायचे, तर वाटेत काराकचा घाट लागतो, उतार आणि वळणे. गाडीचे पुढचे ब्रेक कुरकुरत होते. उतरत्या उन्हात कमरूल नवी पॅड घेऊन खाली आला. त्याची बायको सलबिया मशिदीतून आणलेली पेज घेऊन जिन्याशी थांबली. नवऱ्याला ती अबांग म्हणे.

"अबांग, गॅरेजमध्ये टाका ना गाडी. उपाशीपोटी तुमचे हातपाय गळालेत."

"गॅरेजची रांग बघितलीस? ईद उलटून जाईल. आणि पॅड बदलायला काय मोठं शास्त्र लागतं?"

"शास्त्र नाही लागत. डोकं ठिकाणावर लागतं."

"ते ठिकाणावरच आहे. तहानलंय फक्त," कमरूल म्हणाला, आणि दोघेही हसले.

डावे चाक व्यवस्थित झाले. उजवे चाकही त्याने चढवले, चारही नट बोटांनी फिरवून बसवले आणि जॅक खाली घेतला. आता माझी पाळी होती. त्याने मला उचलले, पहिल्या नटावर लावले आणि तेवढ्यात अजान झाली.

दिवसभराचा उपास होता तो. वरून त्याची नऊ वर्षांची मुलगी इन्शिरा वडिलांना ओरडली, "आयाह, लवकर या, मी खजूर हातात धरून बसलेय!" कमरूलने मला तिथेच जमिनीवर ठेवले आणि दोन दोन पायऱ्या गाळत तो वर पळाला. मला त्याचा राग आला नाही. मी चाकाजवळ पडलो होतो, परत आला की त्याला दिसणारच होतो.

पण परत तो आलाच नाही. खाणे झाल्यावर तो मशिदीत गेला. खाली आले ते शेजारचे लोगन अंकल, व्हॅन चालवणारे सज्जन गृहस्थ. "अरे देवा, एवढी हत्यारं उघड्यावर? चोरीला जातील," असे पुटपुटत त्यांनी डिकी उघडली आणि मला, जॅकला, हातमोज्यांना नीट आत ठेवले. मग चाकाची गोल टोपी पडलेली दिसली. ती त्यांनी तळहाताने दाबून चाकावर बसवली, सैल नट तिच्याखाली झाकले गेले, आणि ते समाधानाने वर निघून गेले.

मी आतून किती धडपडलो असेन! पण लोखंडाची धडपड कुणाला ऐकू येते?

सकाळी कमरूल खाली आला. सामान आत, टोपी जागेवर. क्षणभर त्याने कपाळावर आठी घातली. "मीच आवरलं वाटतं," असे म्हणून त्याने माझ्यावर ईदच्या कपड्यांची बॅग ठेवली.

घाट लागला आणि मला तो आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. नट सुटायला लागले की चाक असेच बोलते. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मागे इन्शिरा गाणे म्हणत होती, तीही थांबली.

"आयाह, काहीतरी वाजतंय."

"रस्ता खराब आहे."

"स्टिअरिंग थरथरतंय तुमचं," सलबिया म्हणाली. "थांबा ना जरा."

"प्रत्येक वेळी माझ्या कामात खोट काढायची गरज नाही. स्वतः केलंय मी."

डाव्या बाजूला दरी होती. आवाज आता वळणावळणाला येऊ लागला. मग सलबियाने अगदी शांतपणे विचारले, "काल अजान झाली, तेव्हा तुम्ही कुठल्या चाकावर होता?"

कमरूलने हळूहळू वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली.

त्याने उजव्या चाकाची टोपी काढली तेव्हा दोन नट त्याच्या हातात गळून पडले. तिसरा शेवटच्या आट्यावर लोंबत होता. चौथा कसाबसा टिकून होता. कमरूल तिथेच मातीत बसला. मला त्याने बाहेर काढले.

"ही टोपी मी लावलीच नव्हती! लोगन अंकलनीच लावली असणार!" तो ओरडला. "नको तिथं हात घालतात!"

"टोपी त्यांनी लावली असेल," सलबिया म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "नट कुणी आवळायचे होते?"

मग एकेक करून त्याने सोळाही नट आवळले, आणि त्याचे ओठ हलत होते. पण इन्शिरा कठड्याला पाठ लावून उभी राहिली. "मी नाही बसणार," ती म्हणाली. शेवटी आई तिच्याजवळ मागे बसली, तेव्हा ती आत आली. पुढे वाटभर, खड्ड्यात जरा धक्का बसला तरी ती विचारी, "आयाह, थांबायचं?" आणि कमरूल दर वेळी थांबला, उतरला, त्याने मला काढले आणि चारही चाके तपासली. इतका उशीर झाला की त्यांनी उपास रस्त्याच्या कडेलाच सोडला.

मित्रांनो, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करा, मला त्याचा आनंदच आहे. पण मधेच उठायची वेळ आली, तर मला नटावरच अडकवून ठेवा. परत आल्यावर तुमची नडगी माझ्यावर आपटली तरी चालेल. नडगी दोन दिवसांत बरी होते.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. इन्शिरा आता अकरा वर्षांची आहे. गाडीत बसण्याआधी ती अजूनही खाली वाकते आणि चारही चाकांचे नट बोटाने चाचपून बघते. तिचे होईपर्यंत तिचे वडील दाराशी मान खाली घालून उभे असतात.