लोरेटाचा डावा बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवा इथंच शेजारी टांगलाय, पण त्याने बोलणं सोडलंय. आम्ही बर्फावर स्की करायचे बूट, कडक प्लास्टिकचे, चार बकलांचे.

अकरा हिवाळ्यांपूर्वी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या म्हाताऱ्या ऑल्डनच्या दुकानातून लोरेटा पेल्कीने आम्हाला घेतलं. डोंगरावर कुणाचा पाय मोडला की त्याला घसरगाडीत निजवून खाली आणायचं, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी मी तिला असा चावलो की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, जरा सैल कर. ऑल्डनने मला तापवून आतून ताणलं. मलाही बरं वाटलं. आपल्यामुळे कुणी रडावं हे कुणाला आवडतं?

मग दर नोव्हेंबरात तेच. कधी टाच, कधी करंगळी. ऑल्डन कुरकुरायचा, "अगं बाई, बूट आहे हा, सपाता नव्हेत. ताणलेलं प्लास्टिक परत आवळत नाही." ती हसण्यावारी न्यायची. जेवणाच्या सुट्टीत तिचे बाकीचे सोबती बकलं सोडून पाय चोळत बसत, आणि ही मला घालून ऐटीत सूप आणायला जाई. मी फुशारून जायचो.

दर डिसेंबरात तिची परीक्षा असते. गाडीत माणूस निजवून सगळ्यांत उभ्या उतारावरून खाली आणायचं. यंदा बर्फ गोठून टणक झाला होता. लोरेटाने वळायला पाय दाबला. पाय माझ्यातल्या माझ्यात वळला, मी वळलोच नाही. ती आडवी झाली. मागे दोर धरलेल्या सोबत्याने गाडी कशीबशी थोपवली. कुणाला लागलं नाही, पण पथकाच्या प्रमुखाने बजावलं, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि तेव्हाही जमलं नाही तर पथकाचा लाल कोट परत कर.

ऑल्डनने माझ्यात बोट घालून पाहिलं. "पाय सुखात होता ना," तो म्हणाला, "म्हणून हा ढिला पडल्याचं तुला कळलंच नाही."

तिने नवी घट्ट जोडी घेतली. दोन आठवडे शिव्या घालत, लंगडत ती सराव करत होती.

परीक्षेच्या सकाळी ती ओसरीवर आली, मला खुंटीवरून खाली काढलं आणि पाय आत घातला. सुटकेचा केवढा मोठा श्वास टाकला तिने! करंगळीवरचा तो घट्टा, ती ओळखीची टाच. मला जन्मभर एवढंच हवं होतं. तरी मनात म्हटलं, काढ गं बाई. मला तुला धरता येत नाही.

तिने एक बकल लावलं, परत सोडलं. मग मला काढून तिने नवे चढवले आणि ओठ चावत निघून गेली.

तुम्हाला कधी नवा बूट चावला, तर लगेच त्याला सैल करू नका. आणि माझ्यासारख्याला फेकण्याआधी एकदा हात फिरवा, बस.

संध्याकाळी लाल कोट माझ्या वरच्या खुंटीला येऊन लागला. त्याच्यावरचा बर्फ वितळून रात्रभर माझ्यात टपकत राहिला. पूर्वी ती मला शेगडीजवळ ठेवायची. आता तिथे नवे असतात.