रावणाची नऊ तोंडं

शुभदाच्या मोठ्या नणंदेचं खरं नाव शेवंती. नाटकात शिरल्यावर कंपनीच्या मालकांनी ते बदलून निशिगंधा केलं, आणि पुढे घरचेही त्यावरून निशाताई म्हणायला लागले. लग्न त्यांनी केलं नाही. वीस-बावीस वर्षं नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरल्या, मग गुडघे दुखायला लागले तशा परळच्या खोलीत एकट्या राहायला लागल्या. ती चाळ दुरुस्तीला निघाली आणि शुभदाच्या नवऱ्याने, हरिश्चंद्राने, बहिणीला मीरा रोडला आपल्याकडे आणलं. चौऱ्याण्णव सालची ही गोष्ट.

पूनम सागरमधलं त्यांचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि एक बारकी गॅलरी. त्यात हरिश्चंद्र, शुभदा, कॉलेजात जाणारी लेक संपदा, शुभदाचं शिलाई मशीन आणि पाणी भरून ठेवायची पिंपं. पाण्याचा भरवसा नव्हता, टँकर आला की जे मिळेल ते भरून ठेवायचं. त्या गर्दीत निशाताई आल्या आणि त्यांच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक आली. ट्रंकेत मेकअपचं सामान होतं. नाटकाच्या कामाचं, सगळंच्या सगळं.

शुभदाने पहिले काही दिवस काही म्हटलं नाही. माणूस आयुष्यभर एकटं राहिलेलं, चार वस्तू बरोबर आणणारच, असा तिने विचार केला. पण ट्रंक मशीनच्या पुढ्यात आली होती, आणि ब्लाउज शिवताना पाय पसरायला जागा उरली नव्हती. शिवाय झाकण उघडलं की खवट तेलाचा आणि जुन्या अत्तराचा एक वास घरभर सुटायचा. निशाताई दुपारी ट्रंक उघडून बसायच्या. वापरत काहीच नव्हत्या. एकेक डबी उघडायची, बघायची, लावून ठेवायची.

जानेवारीत संपदाच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. तिला आत्याकडचं काजळ हवं होतं. आत्या देवळात गेली होती, म्हणून मग न विचारताच घेतलं. रात्री डोळे चुरचुरायला लागले आणि सकाळी उजवा डोळा उघडेचना. पापणी टम्म सुजून लाल झालेली, पू धरलेला. डॉक्टरांनी विचारलं, काय घातलं होतं डोळ्यात. काजळाची डबी दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटीपालटी केली आणि हे कधीचं आहे म्हणून विचारलं. ते कोणालाच सांगता आलं नाही. बरं वाटेपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही, असं सांगून त्यांनी थेंब दिले.

परीक्षा तोंडावर आलेली. शुभदा घरी आली ती तापलेलीच. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"माझ्या मुलीचा डोळा गेला असता," ती म्हणाली. "आणि कशापायी? या कचऱ्यापायी."

निशाताई ट्रंकेशेजारी बसल्या होत्या. संपदाने न विचारता घेतलं, असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी संपदाला जवळ घेऊन डोळा बघितला आणि स्वयंपाकघरात पाणी गरम करायला ठेवलं, शेकायला. हरिश्चंद्राने पेपर आणखी वर धरला. बहीण आणि बायको यांच्यामध्ये तो असाच राहायचा.

दोन दिवसांनी निशाताई दुपारच्या झोपल्या होत्या आणि खालून भंगारवाल्याची हाक आली. शुभदाने कसलाही विचार केला नाही. ट्रंक दोन्ही हातांनी ओढत जिन्याशी नेली, शेजारच्या पटेलबाईंच्या गड्याकडून खाली उतरवली. भंगारवाल्याने झाकण उघडलं आणि मान हलवली.

"भाभी, पेटी लेगा. अंदर का माल नहीं."

असं म्हणून त्याने ट्रंक कंपाउंडमध्येच उपडी केली. डब्या घरंगळल्या. लिपस्टिकच्या कांड्या, तोंडाच्या रंगाच्या, पॅनकेकच्या वड्या, पावडरीचे डबे, सफेद्याच्या पुड्या, खोटे अंबाडे, दोन दाढ्या आणि मिश्यांचं एक पुडकं. पोरं जमली. एकाने दाढी उचलून हनुवटीला लावली, बाकीची हसायला लागली. वरच्या गॅलऱ्यांतून बायका वाकून बघत होत्या.  शुभदाला ट्रंक बाहेर काढायची होती, पण अशी चारचौघांत उघडी पाडायची नव्हती. ती खाली बसून घाईघाईने डब्या गोळा करायला लागली, तेवढ्यात निशाताई जिन्यात दिसल्या. आवाजाने जाग आली असावी. एकेक पायरी धरून त्या उतरल्या.

आता रडतील किंवा बोलतील, असं शुभदाला वाटलं. निशाताईंनी आधी त्या पोराच्या हातातली दाढी घेतली, त्याला सांगितलं की ही उलटी लावलीयस. मग पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दे एकेक इकडे."

शुभदा एकेक वस्तू हातात देत गेली. निशाताई झाकण काढायच्या, वास घ्यायच्या, बोटाने चोळून बघायच्या. काजळाच्या डब्या सगळ्या टाकायला सांगितल्या. ओठाला आणि डोळ्याला लागणारं काहीही आता कुणाच्या अंगाला लागता कामा नये, म्हणाल्या. कोल्ड क्रीमला खवट वास येत होता, ते चपलांच्या पट्ट्यांना चोळायला बाजूला ठेवलं. भुवयांच्या पेन्सिली शुभदाकडे दिल्या, कापडावर खुणा करायला खडूपेक्षा बऱ्या. पावडरीला ओल लागलेली नव्हती, ती कॅरमबोर्डावर टाकायला. ब्रश साबणाने धुतले तर मशीनमधला दोऱ्याचा भुगा झाडायला उपयोगी पडतील. आवाजात कढ नव्हता. भाजी निवडावी तशा त्या निवडत होत्या. शुभदाच मध्येमध्ये अडत होती. एका चपट्या डबीवर कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं, तिने विचारलं, ही ठेवायची ना? निशाताईंनी नाव वाचलं आणि डबी टाकायच्या ढिगात ठेवली.

गेटच्या जाळीला तेव्हा लवू रंग मारत होता. सोसायटीचं रंगकाम त्याच्याकडे होतं. माणूस संगमेश्वराकडचा, राहायचा भाईंदरला इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या चाळीत. मघापासून त्याचा ब्रश थांबलेला होता. शेवटी तो हात पुसत जवळ आला आणि त्याने विचारलं, बाई नाटकातल्या काय? निशाताई हो म्हणाल्या. मग तो उकिडवा बसला आणि त्याने आपली अडचण सांगितली.

त्याच्या वाडीच्या माणसांचं नमनाचं, म्हणजे कोकणातल्या नाच-सोंगांच्या खेळाचं, मंडळ होतं. शिमग्याच्या सुमारास ते दरवर्षी इंद्रलोकजवळच्या मैदानात नमन करायचे, गण, गवळण आणि शेवटी रावणाचं सोंग. रावणाची तोंडं पुठ्ठ्याची आणि खळीची, ती माळ्यावर ठेवलेली उंदरांनी खाल्ली होती. नवीन तोंडं चिकटवून झाली होती, पण रंगवायला माणूस नव्हता.

"मी जाळ्या रंगवतो, भिंती रंगवतो," लवू म्हणाला. "त्वांड रंगवणं माजं काम न्हाय. माजा रावण भिंतीसारका दिसतो."

निशाताईंनी टाकायच्या ढिगाकडे पाहिलं. त्यात पॅनकेकच्या वड्या होत्या, रूज होतं, सफेदा होता, पिवडी होती. त्यांनी विचारलं, तोंडं किती? नऊ, लवू म्हणाला. दहावं रावण होणाऱ्या माणसाचं, दत्तारामचं, स्वतःचं.

"जिवंत तोंडाला यातलं काही लावणार नाही," निशाताई म्हणाल्या. "पुठ्ठ्याला चालेल. आणून दे."

भंगारवाला रिकामी ट्रंक घेऊन गेला. सामान दोन पिशव्यांत भरून वर आलं.

पहिलं तोंड फसलं. निशाताईंनी माणसाला करतात तसाच मेकअप केला. आधी तेलकट रंगाचा हात, त्यावर लिपस्टिकने ओठ आणि गालांवर लाली. तोंड सुरेख दिसलं. गॅलरीत वाळत ठेवलं आणि दुपारच्या उन्हात ओठ वितळून हनुवटीवर आले, गाल कानाकडे निघाले. शुभदाला हसू आवरेना. निशाताईंनी चष्मा लावून बराच वेळ ते न्याहाळलं आणि म्हणाल्या, हा तर पान खाऊन झोपलेला दिसतोय.

मग शुभदानेच सुचवलं. पॅनकेकच्या वड्या खलबत्त्यात कुटून डिंकाच्या पाण्यात कालवल्या तर? माहेरी ती लहानपणी आईबरोबर लाकडी देव्हारा तसाच रंगवायची, गेरू आणि डिंकाने. कुटलं, कालवलं, एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून उन्हात ठेवलं. संध्याकाळी तो रंग बोटालाही लागेना. त्यानंतर खलबत्ता रोज दुपारी त्याच कामाला लागला. शुभदा कुटायची, निशाताई कालवायच्या. संपदाचा डोळा बरा झाला होता, पण तिला ब्रशला हात लावू दिला नाही; तिने अभ्यास करायचा, असं दोघींनीही एका सुरात सांगितलं. लिपस्टिकचा तरीही काही उपयोग होईना. ओठांवर बोटाने तिचा नुसता पातळ हात फिरवून त्यावर पावडर दाबली आणि वरून ट्रंकेतलंच जुनं नेलपॉलिश मारलं, तेव्हा कुठे ओठ टिकले. डोळ्यांच्या बाहुल्यांवरही नेलपॉलिशचा थेंब दिला. त्या थेंबाने डोळे ओले दिसायला लागले. संध्याकाळी केर काढताना शुभदा गॅलरीत गेली की ती तोंडं आपल्याकडे बघतायत असं तिला वाटायचं.

लवूला वाटलं होतं, नऊ तोंडं एकसारखी होतील. निशाताईंनी एकही सारखं केलं नाही. एक रागावलेला, एक खदखदा हसणारा, एक भुवया चढवून कोणाला तरी हिणवणारा. एकाने मध्येच काही आठवल्यासारखं तोंड उघडं टाकलेलं. कामाच्या भरात त्या बोलायच्या, तेही थोडंच. कुठल्या मालकाचं नाक असं होतं, कुठला नट रंगात आला की त्याच्या गालाचा हा स्नायू उडायचा. स्वतःच्या भूमिकांबद्दल शुभदाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, भूमिका कसल्या, दासी आणि मैत्रिणी. तबक घेऊन यायचं, उभं राहायचं, नायिका रडली की पदर पुढे करायचा.

नववं तोंड त्यांनी कोणाला न दाखवता पुरं केलं. लवू सगळी न्यायला आला तेव्हा ते हातात घेऊन तो गोंधळला. रावणाचं ते तोंड जांभई देत होतं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ मोठे वासलेले, आत जीभ आणि दाढासुद्धा रंगवलेल्या.

"बाई, रावन जांभई देतो?" त्याने विचारलं. "आमचे धाकूदाजी काय म्हनतील? नमनाचे म्होरके हाईत ते."

"दहा तोंडं आहेत," निशाताई म्हणाल्या. "बोलणारं एकच. बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं. मी उभी राहिलेय लवू, बावीस वर्षं. कंटाळा येतो रे."

लवूने तोंड पिशवीत ठेवलं. शुभदा दाराशी उभी होती. इतके दिवस ही बाई ट्रंक उघडून नटीचे जुने दिवस आठवत बसते, असं तिला वाटत आलं होतं. ती आत गेली आणि तिने चहा टाकला.

नमनाच्या दिवशी सगळे रिक्षाने गेले. मैदानात कनात लावली होती, मिठागरांकडून वारा येत होता. निशाताई संध्याकाळीच मागे गेल्या. मंडळाकडून नवा पॅनकेक आणि नवं काजळ आणवलं होतं, ते समोर फोडल्याशिवाय त्यांनी कोणाला हात लावला नाही. गवळणी होणाऱ्या बाप्यांच्या भुवया त्यांनी कोरल्या. दत्ताराम रावणाचा चेहरा करून घ्यायला बसला तेव्हा त्याला दरडावलं, ओठ हलवू नकोस. धाकूदाजी, पांढऱ्या मिश्यांचे वयस्क गृहस्थ, बाजूला उभे राहून सगळं बघत होते. जांभई देणारं तोंड त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना ते पसंत नव्हतं. पण दुसरं करायला वेळ नव्हता.

पोलिसांची परवानगी रात्री लवकर आटपण्याची होती, म्हणून रावण वेळेत आला. ढोलकी चढली, पडदा सरकला आणि दत्ताराम तोंडांची ओळ खांद्यांवर पेलत पुढे आला. बायका "अगंबाई" करून मागे सरकल्या. तोंडांचे डोळे दिव्यांत ओले चमकत होते. रावण गरजला, फिरला, आणि फिरताना उजवीकडचं शेवटचं तोंड लोकांसमोर आलं. आधी पुढची पोरं हसली. मग बायका. मग अख्खं मैदान. दत्तारामला कळेना लोक कशाला हसतात. पण तो हुशार गडी; दुसऱ्या फेरीत त्याने तो खांदा मुद्दाम पुढे केला आणि जांभई देणाऱ्या तोंडाला एक चापट मारली. टाळ्या थांबेनात. बाजूला उभे असलेले धाकूदाजी मिशीत हसताना शुभदाने पाहिले.

निशाताई कनातीच्या कडेला उभ्या होत्या. शुभदा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. लोक हसत होते आणि निशाताई हसणाऱ्या लोकांकडे बघत होत्या, रावणाकडे नाही.

परतताना रिक्षा मिळेपर्यंत दोघी रस्त्याच्या कडेला थांबल्या. हरिश्चंद्र आणि संपदा पुढे रिक्षा शोधत होते. शुभदा म्हणाली, "निशाताई, त्या दिवशी मी कचरा म्हटलं. तसं म्हणायला नको होतं."

"कचराच होता," निशाताई म्हणाल्या. "पोरीचा डोळा जाता जाता राहिला. त्यात तुझं चुकलं नाही. पण मी झोपलेली असताना न्यायला नको होतीस. मला उठवायचं. मी बरोबर खाली आले असते."

"पुन्हा नाही होणार," शुभदा म्हणाली.

"आता न्यायला काही उरलंच नाहीये," निशाताई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून रिक्षात चढल्या.

शिमगा संपल्यावर एका रविवारी भाईंदरजवळच्या राई गावातून दोन माणसं आली. भाईंदरचा रावण त्यांनी पाहिला होता. त्यांच्याकडे पालखीच्या वेळी पोरं सोंगं घेतात, त्यांना रंगवायला कोणी न्हाय, बाई येतील का, असं त्यांनी विचारलं. हरिश्चंद्र बहिणीचे गुडघे, उन्हाळा, राईचा रस्ता असं काही सांगायला लागला होता. निशाताईंनी त्याला हाताने थांबवलं आणि पाहुण्यांना विचारलं, तोंडं जिवंत की पुठ्ठ्याची?

जिवंत हायती, ते म्हणाले.

मग सगळं सामान नवं लागेल, असं निशाताईंनी त्यांना बजावलं आणि काय काय आणायचं ते सांगायला लागल्या. शुभदा मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "रविवारी असेल तर मीही येते बरोबर. कुटायचं नसलं तरी डब्या धरायला कोणी लागेलच."