आधी डॉक्टरांचं

डॉक्टर रेशादना बुटाची नाडी सोडता येईना. झुम्राआजीच्या उंबऱ्यावर एक गुडघा टेकून ते गाठीशी झटत होते, आणि गाठ सुटायची सोडून आणखीच आवळत चालली होती. मागे राइफा उभी होती. तिच्या हातात झाकण घातलेलं ताट होतं, आत आजीला द्यायला सकाळीच भाजलेला पिटा, पातळ पोळीत बटाटा गुंडाळून केलेला.

“ओढून काढा तसाच,” ती म्हणाली. “बूट आहे, पेशंट नव्हे.”

एरवी डॉक्टर हसले असते. आज त्यांनी बूट ओढून काढला आणि मोज्यांनीच आत शिरले.

रेशाद गावातल्या दवाखान्यात बावीस वर्षं होते. राइफा शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं सूप करायची. सोमवारी दुपारी दोघं झुम्राआजीकडे आले होते, कारण आजी भीती काढायची. घाबरलेल्या माणसाला बसवायचं, डोक्यावरून कापड घालायचं, पाण्याचं भांडं आधी डोक्यावर, मग छातीशी, मग पायांशी धरायचं आणि दर वेळी त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. माणसातली भीती शिशात उतरते म्हणे. लढाई संपली तेव्हा अर्धं गाव तिच्या कापडाखाली बसून गेलं होतं. डॉक्टर त्या वेळी हसायचे. गेली पाच वर्षं मात्र ते स्वतःच तिच्याकडे माणसं पाठवत होते.

“गोळी शरीराला, श्वास मनाला, आणि आत्म्याला ज्याचं त्याला जे लागेल ते,” असं ते सांगत. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी सतरंज्या घातल्या होत्या. दर सोमवारी सकाळी तिथे सावकाश श्वास घ्यायला शिकवत आणि नंतर लिंडनच्या फुलांचा काढा पाजत. लोकांना गुण यायचा, हे मान्य करायला हवं. खाटकाचा रक्तदाब उतरला. नवरा गेल्यापासून डोळा न लागलेली एक बाई झोपायला लागली.

राइफाचं तसं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी ती पाठदुखी घेऊन आली होती. स्कर्ट कमरेला पिन लावून धरला होता. डॉक्टरांनी तिच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि स्वादुपिंडावर एक काळी गाठ दिसली. त्याच दुपारी सारायेवोच्या इस्पितळात फोन करायला हवा होता. शिकाऊ डॉक्टरलाही ते कळलं असतं. यांनी तिचं पोट पुसलं आणि म्हणाले, “आधी मन शांत करू. मग पुढचं बघू.”

त्यानंतरचे तीन सोमवार राइफा सतरंजीवर श्वास मोजत होती आणि तिची पिन आत आत सरकत होती. दर सोमवारी डॉक्टर ठरवत, आज सांगायचंच. तोंड उघडलं की पुढच्या सोमवारची वेळ सांगून मोकळे व्हायचे.

सहा वर्षांपूर्वी बायकोचा, मेलिहाचा, रिपोर्ट त्यांनी स्वतःच तिला वाचून दाखवला होता. जेवणाच्या टेबलाशी बसून, सरळ, काही न लपवता. मेलिहाने चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. इस्पितळवाले म्हणाले होते, वर्षभर तरी काढेल. ती चाळीस दिवसांत गेली. तिला रोगाने नाही, आपण रिपोर्ट वाचून दाखवल्याने मारलं, हे रेशादच्या मनाने घेतलं. मग पुस्तकं आली, शिबिरं आली. दुःखाने डॉक्टर शहाणा झाला, असं गाव म्हणे. खरं तर माणूस भ्याला होता, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

झुम्राआजी चुलीपाशी उभी होती. लोखंडी पळीत शिशाचा तुकडा मऊ होत चालला होता. मधोमध एक बुटकं स्टूल आणि त्यावर लाल कापड.

डॉक्टर बाजूला सरले, राइफाला वाट द्यायला. राइफा स्टुलाकडे गेलीच नाही. भिंतीलगतच्या बैठकीवर टेकली आणि ताट मांडीवर घेतलं.

“आधी डॉक्टरांचं,” ती म्हणाली.

“माझं?”

“तुमच्यासाठीच तर वेळ मागून घेतली मी. पिटासुद्धा तुमच्याच नावाचा.”

डॉक्टर हसले. सोबतीला कोणी हसलं नाही.

“अरे पोरा,” आजी म्हणाली, “कुत्रं भुंकलं की चड्डी ओली करायचास, तेव्हा तुझी आई तुला इथेच आणायची. डॉक्टर झालास म्हणून काय वेगळा झालास? बस.”

ते बसले. कापड डोक्यावरून खाली आलं आणि सगळं लाल झालं. वर आजी पुटपुटत दुआ म्हणत होती. मग चर्रर्र झालं, तडतडलं, आणि बावन्न वर्षांच्या त्या माणसाने मान खांद्यात घातली.

“काट्याकुट्यांचं रान माजलंय,” आजी पाण्यात थिजलेलं शिसं बघत म्हणाली. “हे तर डोक्यातलं. आता छातीचं.”

शिसं पुन्हा चुलीवर गेलं. तेवढ्यात राइफा बोलली, सुपात मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साधेपणाने.

“डॉक्टर, त्या दिवशी माझ्या पोटावर तुमचा हात थांबला होता. तीस वर्षं चुलीशी उभी आहे मी. हात असा थांबला की काहीतरी करपलंय, एवढं मला कळतं.”

कापडाखाली डॉक्टरांनी डोळे मिटले.

“तुम्ही सांगत नव्हता, मी विचारत नव्हते. दोघांची अळीमिळी गुपचिळी. खोटं कशाला बोलू, मलाही ते बरंच होतं. पण काल पोराचा फोन आला, ल्युब्लियानाहून. म्हणाला, आई, वसंतात रजा घेऊन येऊ का? आणि हो म्हणावं की आत्ताच ये म्हणावं, ते मला कळेना. तेवढं तरी कळायला हवं ना आईला?”

दुसऱ्यांदा चर्रर्र झालं. या वेळी त्यांनी मान आखडली नाही. समोर नुसतं लाल होतं, कुणाचा चेहरा नव्हता, आणि त्या लालाकडे बघत ते बोलायला लागले.

“स्वादुपिंडावर गाठ आहे. अडीच सेंटिमीटर. बहुतेक कॅन्सर. मी तेव्हाच पाठवायला हवं होतं. तीन आठवडे तुमचे मी वाया घालवले, राइफा. मी घाबरलो.”

ताटावरचं झाकण तेवढं किणकिणायला लागलं.

डॉक्टरांनी कापड ओढून काढलं. एवढी धीराची राइफा, पण शब्द खोलीत आला तसं तिचं अवसान गेलं होतं. ओठ पांढरे पडले होते, दोन्ही हातांनी तिने ताट आवळून धरलं होतं. डॉक्टरांना वाटलं, कापड पुन्हा डोक्यावर ओढून घ्यावं आणि कधीच बाहेर येऊ नये.

“यातून माणूस...?” तिने विचारलं.

“ठाऊक नाही. खरंच नाही. कापून काढण्याजोगी असली तर काहीजण वाचतात. आज इथूनच सारायेवोला फोन करतो. उद्या सकाळी मी घेऊन जातो तुम्हाला.”

“आणि पोराला?”

त्यांनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं.

“आत्ताच ये म्हणा.”

ती हुंदक्यांनी गदगदू लागली. झुम्राआजीने तिच्या मांडीवरचं ताट उचलून खिडकीत ठेवलं, तिला दंडाला धरून उठवलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

“ऊठ तू.”

“माझं तिसरं राहिलंय, आजी. पायाचं.”

“राहू दे. तुझे पाय तुझे तू सांभाळ.”

राइफाला स्टुलावर बसवून आजीने लाल कापड तिच्यावर पांघरलं. मग पाण्याचं भांडं डॉक्टरांच्या हातात दिलं.

“धर हिच्या डोक्यावर. दोन्ही हातांनी.”

डॉक्टरांनी भांडं धरलं. त्यांनी शिकवलेला श्वास राइफाला आठवत नव्हता. खालून नुसती धाप ऐकू येत होती, आणि मग दबलेला आवाज आला.

“डॉक्टर, मला फार भीती वाटतेय हो.”

“मलाही,” ते म्हणाले, आणि आजीने पळी कलती केली.