सतरा नंबरचं ठिगळ

मी सतरा नंबरचा पॅच बोलतोय, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोडमधली एक चूक सुधारणारी छोटी फाइल. सरळ ठिगळ म्हणा, मला राग नाही. जेमतेम अकरा ओळींची फाइल मी. तीन ओळी काढायच्या, चार घालायच्या, आणि उरलेल्या चार आजूबाजूच्या, जागा ओळखण्यापुरत्या. एवढ्याशा अंगावर मी दवाखान्यातला पंप सांभाळला आहे आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

हा पंप म्हणजे रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारं यंत्र. त्याच्या पोटातला बराचसा कोड बाहेरून येतो. कुठली कुठली माणसं तो लिहितात आणि कुणालाही वापरू देतात. आमच्या कंपनीची बिल्ड सिस्टिम हा मूळ कोड आणते, आम्हा तेवीस पॅचना नंबरवार त्यावर बसवते आणि मग यंत्रात भरायचं सॉफ्टवेअर तयार करते. मूळ कोडला कुणी हात लावायचा नाही, जे बदलायचं ते आमच्याकरवी, असा इथला शिरस्ता.

माझा जन्म एका फोनमुळे झाला. एका नर्सबाईंनी कळवलं, पंपाची बॅटरी थकलेली होती, वीज क्षणभर गेली आणि आली, पंप बंदच राहिला, आणि धोक्याचा इशारा देणारा भोंगा काही वाजला नाही. "मी सहज वळून बघितलं म्हणून बाळ वाचलं हो," त्या म्हणाल्या. फोन घेणाऱ्या मॅडम आमच्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअर. त्यांनी दोन दिवस चहा गार होऊ दिला आणि शोधून काढलं की वीज परतल्यावर भोंग्याला कुणी जागंच करत नव्हतं. मग त्यांनी मला लिहिलं. वर शीर्षक काय, तर 'भोंगा दुरुस्ती'. "कारण नंतर लिहीन," असं पुटपुटत त्या उठल्या. माणसांच्या 'नंतर'ची मला तेव्हा ओळख नव्हती.

चार वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. मॅडम वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला गेल्या आणि आमचं फोल्डर एका नव्या इंजिनिअरकडे आलं. त्याला सगळे तुफान म्हणतात. तो कीबोर्ड असा बडवतो की शेजारचा हेडफोन लावून बसतो.

मग मूळ कोडची नवी आवृत्ती आली. आमच्यातले नऊ जण तिच्यावर बसेनात, तुफान त्यांच्याशी दोन दिवस झटत होता. मी अडलो नाही, आणि तिथंच घात झाला. नव्या कोडमध्ये भोंग्याच्या भागाच्या अगदी वर पंपाच्या स्क्रीनच्या दिव्याचा भाग आला होता, जवळजवळ ओळीला ओळ सारखा. जागा ओळखायच्या चारपैकी दोन ओळी जुळल्या तरी चालवून घे, अशी मुभा बिल्ड सिस्टिमला कुणीतरी देऊन ठेवलेली. तिने मला अलगद उचललं आणि दिव्यावर चिकटवलं! 'सतरा नंबर थोडा सरकवून बसवला' अशी एक ओळ हजारभर ओळींच्या लोंढ्यातून निघून गेली. शेवटी हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' उमटलं. मी भलत्याच दारात उभा होतो आणि भोंगा पुन्हा मुका झाला होता. ओरडून सांगावं तर फाइलला कुठला गळा? तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो.

चाळीस पंप दुपारी दोनच्या गाडीने दवाखान्यांकडे जाणार होते. आमचे तपासणीचे काका निवृत्तीला आलेले. त्यांची एक सवय आहे. तपासणीच्या यादीत असो नसो, नवं सॉफ्टवेअर आलं की ते बॅटरी काढून ठेवतात, प्लग उपटतात आणि लगेच परत खोचतात.

"वाजत नाहीये रे," काका तुफानला म्हणाले.

"काका, प्लग ढिला असेल. सतरा नंबर लागलाय, ही बघा यादी."

"यादी वाजते का?"

तुफानने घड्याळाकडे बघितलं, मग मला उघडलं. आत 'भोंगा दुरुस्ती' यापलीकडे एक अक्षर नाही. त्याने मॅडमना फोन लावला. त्या चष्मा डोक्यावर तसाच ठेवून जिना उतरून आल्या.

"लागलाय म्हणतोस, पण कुठे लागलाय ते बघितलंस?"

तुफानने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "चुकलं मॅडम माझं."

"निम्मं तुझं. निम्मं माझं. का आणि कुठे हे मी लिहिलंच नव्हतं, तू ओळखणार कसं?"

दोनची गाडी रिकामी परत गेली. मला माझ्या जागी नीट बसवलं, काकांनी प्लग उपटून खोचला आणि भोंग्याने सगळी खोली डोक्यावर घेतली. मॅडमनी तिथंच खुर्ची ओढून माझ्या माथ्यावर सगळं लिहिलं: नर्सबाईंचा फोन, ते बाळ, माझी जागा, काकांची तपासणी. तुफानने ती मुभाच काढून टाकली. आता कुणी तंतोतंत बसला नाही तर बिल्ड सिस्टिम तिथंच थांबते.

एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने मला मूळ कोड लिहिणाऱ्यांकडे धाडलं. त्यांनी दोनदा परत पाठवलं, पुरावे मागितले. तिसऱ्यांदा घेतलं. आज सकाळी आलेल्या आवृत्तीत माझ्या ओळी आधीच आहेत, माझ्या नंबराशिवाय. आता जगात जो कुणी हा कोड घेईल, त्याचा भोंगा जागा होईल.

म्हणजे इथलं माझं काम संपलं. वाईट वाटतं थोडं, खोटं कशाला बोलू? जाता जाता एकच मागणं आहे. काही दुरुस्त केलंत तर का केलं ते लगेच, तिथंच लिहून ठेवा.

तुफानने मला यादीतून काढलं. सॉफ्टवेअर नव्याने तयार झालं, पंपात भरलं गेलं. मॅडमही खाली येऊन उभ्या राहिल्या. काकांनी बॅटरी काढली, प्लग उपटला आणि खोचला.

मी यादीत नव्हतो, आणि भोंगा खणखणीत वाजला.